आईच्या गुडघ्यासाठी एक फॉर्म भरला, आता फोन थांबतच नाहीत

वर्षा_त्रिमूर्तीनगर (बुधवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात सांगितलं तर ‘फोन ब्लॉक करा’ एवढंच उत्तर मिळतं.

आईचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. जिना उतरताना ती कठडा धरून एकेक पायरी आडवी उतरते. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर मी मोबाईलवर बघत होते, की नागपुरात गुडघा बदलायच्या ऑपरेशनला साधारण किती खर्च येतो. एका संकेतस्थळावर ‘अंदाजे खर्च जाणून घ्या’ असं हिरवं बटण होतं. ते दाबल्यावर फॉर्म आला. नाव, वय, मोबाईल, कोणता गुडघा, त्रास किती दिवसांपासून, विमा आहे का. खाली बारीक अक्षरात इंग्रजी मजकूर आणि त्याच्याआधी एक चौकोन, त्यात टिक आधीच केलेली. मी फॉर्म भरून पाठवला. खर्चाचा आकडा दिसलाच नाही, ‘आमचे प्रतिनिधी संपर्क करतील’ एवढंच आलं.

सोमवारी सकाळी नऊला पहिला फोन आला. तो त्यांचाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुपारी गुडघ्याचे पट्टे विकणाऱ्याचा आला, संध्याकाळी तेलवाल्याचा, मंगळवारी आरोग्य विम्याचे चार आणि मग ‘ऑपरेशनसाठी कर्ज’वाले. आज रात्रीपर्यंत वहीत २३ फोन लिहिलेत. नंबर आईचा दिला होता, कारण मला वाटलं दुखण्याबद्दल प्रश्न तिलाच विचारतील.

आता मुख्य गोष्ट. आईचं नाव सुमन. घाईत इंग्रजीत टाईप करताना माझ्याकडून एक ‘ए’ जास्त पडला आणि ‘सुमान’ झालं. हे जवळपास सगळे जण ‘सुमान मॅडम बोलताय का?’ म्हणूनच सुरुवात करतात. बँकेत, आधारवर, गॅसच्या पुस्तकात, कुठेच ही चूक नाही. ती फक्त त्या एका फॉर्ममध्ये आहे. म्हणजे सगळ्यांकडे माहिती तिथूनच गेली, यात मला शंका नाही.

कर्जवाल्याने तिला विचारलं, ‘उजव्या गुडघ्याचंच ना?’ आईने काही न बोलता फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘माझा गुडघा याला कसा माहीत?’ मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ती अनोळखी फोन उचलतच नाही, बहिणीने दुसऱ्या नंबरवरून केलेलाही उचलला नाही.

त्या लोकांचं नाव इथे देत नाही, त्यांना अजून मी विचारलेलं नाही. पण विचारायचं कोणाला आणि काय, हे कोणी सांगेल का? आणि हे इतक्या लवकर पसरतं कसं?

अंबाझरी_सकाळ

वर्षाताई, तुमच्या आईंना त्रास झाला याचं वाईट वाटलं. पण एकदा इंटरनेटवर टाकलं की गेलं, असं धरूनच चालावं. मी ७१ वर्षांचा आहे, बँकेतून निवृत्त. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, म्हणून मी याचा फार विचार करत नाही. अनोळखी नंबर उचलत नाही, संपलं.

मेडिकल_चौक_सिस्टर

काका, तुमचा मान ठेवून वेगळं सांगते. मी १९ वर्षं वॉर्डात काम करते. रोज संध्याकाळी भेटायच्या वेळेत कोणी ना कोणी विचारतं, ‘सिस्टर, त्या सात नंबरच्या बाईला काय झालं?’ आम्ही सांगत नाही. त्या बाईने काही गुन्हा केलेला नसतो. टीबीची गोळी सुरू असते, किंवा पिशवी काढलेली असते. पण ते कोणाला कळावं हे ती ठरवणार. एका बाईने सहा महिने पूर्ण औषध घेतलं, बरी झाली आणि शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, मुलीच्या सासरी कळू दिलं नाही यासाठी उपकार झाले.

कागदाच्या फाईलवर आम्ही जेवढं लक्ष ठेवतो तेवढं या फॉर्मवर कोणीतरी ठेवायला हवं. ‘उजवा गुडघा’ हे आमच्याकडे केसपेपरवर लिहिलेलं असतं. ते कर्ज विकणाऱ्याला दिसणं म्हणजे केसपेपर पानठेल्यावर ठेवण्यासारखं आहे.

कोडर_धरमपेठ

वर्षाताई, मी अकरा वर्षांपासून संकेतस्थळं बनवतो. ग्राहक बहुतेक इथलेच, दवाखाने, कोचिंग क्लास, मंगल कार्यालयं. आतून कसं चालतं ते सांगतो. यात दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोकांची त्यात गल्लत होते.

पहिली वाट तुम्ही स्वतः लिहून दिलेल्या माहितीची. भरलेल्या फॉर्मला आमच्या धंद्यात ‘लीड’ म्हणतात. गुडघ्याची लीड महाग असते, कारण ऑपरेशनचा खर्च लाखांत असतो. पुष्कळ संकेतस्थळं कोणत्याच दवाखान्याची नसतात. लीड गोळा करणं आणि विकणं हाच त्यांचा धंदा. एकच लीड चार-पाच जणांना विकतात आणि त्यातला प्रत्येक जण ती पुढे ढकलू शकतो. हे सगळं एक्सेलच्या ओळींत चालतं. ‘उजवा’ हा त्या ओळीतला एक रकाना असणार आणि कर्जवाल्याच्या समोर ती ओळ उघडी होती. नावातली चूकही जशीच्या तशी पुढे गेली, कारण मध्ये कोणी माणूस वाचतच नाही.

दुसरी वाट तुम्ही काहीच न लिहिता उघडी असते. पान उघडलं की ब्राउझर सगळं एकाच ठिकाणाहून आणत नाही. नकाशा एका कंपनीकडून येतो, फॉन्ट दुसरीकडून, कोपऱ्यातलं चॅटचं खोकं तिसरीकडून, आणि जाहिरात कंपनीचा पिक्सेल चौथीकडून. पिक्सेल म्हणजे मुळात एक बाय एक ठिपक्याचं, डोळ्याला न दिसणारं चित्र. ते मागवताना तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक), फोनचा प्रकार आणि बहुतेक वेळा तुम्ही कोणत्या पानावर आहात हेसुद्धा त्या कंपनीला कळतं. पानाच्या पत्त्यातच ‘गुडघा बदल’ लिहिलेलं असेल तर आणखी काही सांगायची गरज उरत नाही.

कुकीबद्दल लोक घाबरतात, पण कुकी मुळात वाईट नाही. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुली यांनी ती एका साध्या अडचणीसाठी काढली. संकेतस्थळाला एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस ओळखताच येत नव्हता, त्यामुळे खरेदीची टोपली भरणार कशी? कुकी म्हणजे तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली एक छोटी चिठ्ठी. बँकेचं लॉगिन टिकतं ते तिच्यामुळेच. गडबड होते ती तिऱ्हाईताच्या कुकीमुळे, म्हणजे तुम्ही उघडलेल्या संकेतस्थळाने नाही तर त्यावर बसलेल्या दुसऱ्याच कंपनीने ठेवलेल्या चिठ्ठीमुळे. समजा बर्डीवरच्या प्रत्येक दुकानात एकच माणूस उभा आहे आणि तुम्ही आत शिरलात की तो तुमच्या पिशवीवर आपली खूण शोधतो. तुम्ही औषधाच्या दुकानात गेलात, मग सोनाराकडे, मग पुस्तकांच्या दुकानात. प्रत्येक दुकानदाराला फक्त आपलं गिऱ्हाईक माहीत असतं, या माणसाला मात्र तुमचा अख्खा दिवस माहीत असतो. सफारी ब्राउझरने २०२० पासून अशा कुकी पूर्ण बंद केल्या, फायरफॉक्स ब्राउझरने २०१९ पासून ओळखीच्या ट्रॅकरांच्या, म्हणजे माग काढणाऱ्यांच्या, कुकी अडवायला सुरुवात केली. गूगलने क्रोममधून त्या काढणार असं २०२० मध्ये जाहीर केलं, तारखा पुढे ढकलत राहिले आणि २०२४ मध्ये तो बेत सोडला. आपल्याकडे बहुतेकांच्या फोनमध्ये क्रोमच आहे.

आणखी एक गोष्ट कळल्यावर मी स्वतः हादरलो होतो. २०२२ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी जगातली सर्वाधिक पाहिली जाणारी एक लाख संकेतस्थळं तपासली. युरोपातून पाहिलं तर १,८४४ आणि अमेरिकेतून पाहिलं तर २,९५० संकेतस्थळांवर, ‘पाठवा’ बटण दाबायच्या आधीच, नुसता टाईप केलेला ईमेल पत्ता ट्रॅकरांकडे पोहोचत होता. म्हणजे अर्धा फॉर्म भरून मन बदललं तरी उशीर झालेला असू शकतो.

आणि हे सांगायलाच हवं. एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंटच्या पानावर पिक्सेल मीच लावला होता. मालकांना जाहिरातीचा हिशोब हवा होता, मी विचार न करता लावून दिला. २०२३ मध्ये अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने गुडआरएक्स आणि बेटरहेल्प या दोन कंपन्यांवर लोकांची आरोग्याची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याबद्दल कारवाई केली. एकीला १५ लाख डॉलर दंड झाला, दुसरीला ७८ लाख डॉलर द्यायला लागले. ते वाचलं त्याच दिवशी मी तो पिक्सेल काढला. पण त्याआधी आठ महिने तो तिथे होता. त्या आठ महिन्यांत कोण कोण त्या पानावर येऊन गेलं असेल, हे अजूनही मनात येतं.

वर्षा_त्रिमूर्तीनगर

दादा, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. दोन प्रश्न. मी ते पान इन्कॉग्निटोमध्ये उघडलं असतं तर वाचले असते का? आणि पत्त्याजवळ कुलूप दिसत होतं, म्हणून मी विश्वास ठेवला होता.

कोडर_धरमपेठ

इन्कॉग्निटोमुळे तुमच्याच फोनवर इतिहास आणि कुकी शिल्लक राहत नाहीत. घरातल्या दुसऱ्याला दिसू नये यासाठी ते ठीक. समोरच्या संकेतस्थळाला तुम्ही दिसताच, आणि फॉर्ममध्ये लिहिलेलं तर जातंच. गूगलवर याच गैरसमजावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत इन्कॉग्निटोमधून गोळा झालेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करायचं त्यांनी मान्य केलं.

कुलुपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यामधल्या रस्त्यात कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही. ते कुलूप दाखवणारं प्रमाणपत्र आज कोणालाही फुकट मिळतं.

इतवारी_पेठ

मी जरा दुसरी बाजू मांडून राहिलो, राग मानू नका. आमचं साड्यांचं दुकान आहे, तिसरी पिढी. लॉकडाऊनमध्ये पोराने संकेतस्थळ बनवलं, तेव्हापासून भंडारा, गोंदिया, पार गडचिरोलीहून ऑर्डर येतात. आता गिऱ्हाईकाचं नाव, पत्ता, मोबाईल घेतला नाही तर पार्सल पाठवू कुठं? कुरिअरवाला फोन केल्याशिवाय घरच सापडवत नाही. दिवाळीच्या आधी आम्ही जुन्या गिऱ्हाईकांना मेसेज करतो, कित्येक बाया स्वतः सांगतात की नवा माल आला की कळवा. आमच्या बापाकडे लाल वही होती, तिच्यात कोणाच्या पोरीचं लग्न कधी तेही लिहिलेलं राहायचं. मग आमच्यासारख्यालेही चोराच्या रांगेत काऊन उभं करता?

मेडिकल_चौक_सिस्टर

भाऊ, तुम्हाला कोणी रांगेत उभं केलं नाही. पण तुमच्या वडिलांची लाल वही कधी दुकानाबाहेर गेली होती का? एवढंच सांगा.

इतवारी_पेठ

नाही. शेजारच्या दुकानदारालेही दाखवली नाही कधी. तिजोरीत राहायची.

वकील_सिव्हिललाईन्स

मी उशिरा आले, पण वर्षाताईंच्या ‘कोणाला विचारायचं’ या प्रश्नासाठी लिहायलाच हवं. थोडं मागून सुरू करते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे आणि तो राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, त्यांनी स्वतंत्र निकालपत्रही लिहिलं. आमच्या बारमध्ये तो निकाल आजही अभिमानाने काढला जातो. अंबाझरीच्या काकांनी ‘लपवण्यासारखं काही नाही’ म्हटलं. तो अधिकार लपवणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला नाही. कोणापुढे किती उघडं व्हायचं हे माणसाने स्वतः ठरवावं, म्हणून तो आहे. सिस्टरनी हेच माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंय.

त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला. ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली, नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांनी तिथून १८ महिने दिलेत, म्हणजे मे २०२७. हे नीट समजून घ्या, कारण समाजमाध्यमांवर ‘नवा कायदा आला, २५० कोटी दंड’ एवढंच फिरतं. २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे, माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केली तर. आणि तो पैसा सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती गेली त्याच्या हातात काही पडत नाही. माझी या कायद्याबद्दल सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ४३-अ खाली नुकसानभरपाई मागता येते, ते कलम हा नवा कायदा वगळतो. वर्षाताईंच्या आईसारख्या बाईला उद्या खरंच नुकसान झालं तर तिला भरपाई देणारी ती वाट बंद होणार, आणि तिच्या जागी तेवढीच सोपी दुसरी वाट दिलेली नाही.

चांगलं काय आहे तेही सांगते. संमती स्पष्ट कृतीने दिलेली हवी, म्हणजे आधीच टिक केलेला चौकोन चालणार नाही. जेवढ्या कामासाठी माहिती लागते तेवढ्यापुरतीच संमती धरली जाईल. कायद्यातच उदाहरण दिलंय: फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने तुमच्या फोनमधली नंबरांची यादी मागितली आणि तुम्ही ‘हो’ म्हटलं, तरी त्या यादीपुरती ती संमती ग्राह्य नाही, कारण सल्ला द्यायला यादी लागत नाही. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी तुम्ही निवडाल त्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. त्यात मराठी आहे. वर्षाताईंना तो बारीक मजकूर मराठीत वाचायला मिळाला असता तर ‘आमचे भागीदार’ अशा एखाद्या शब्दाजवळ त्या थांबल्या असत्या.

आज काय करता येईल? माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम अजून जिवंत आहेत. त्यांत शारीरिक आरोग्याची स्थिती ही संवेदनशील माहिती मानली आहे आणि ती दुसऱ्याला देण्याआधी परवानगी लागते. माहिती गोळा करणाऱ्या कंपनीला संकेतस्थळावर गोपनीयता धोरण आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-संपर्क द्यावं लागतं. तक्रारीचं निवारण एक महिन्याच्या आत करायचं बंधन आहे. त्या अधिकाऱ्यालाच लिहा. लेखी लिहा आणि नावाच्या स्पेलिंगचा पुरावा जोडा. असा पुरावा सहसा कोणाकडे नसतो, तुमच्याकडे तो आपोआप आलाय.

मनीषनगरची_आई

मध्येच विचारते, माफ करा. मुलगी चौथीत आहे. एका खासगी चित्रकला स्पर्धेच्या फॉर्मवर मुलीचा फोटो, जन्मतारीख, शाळा, तुकडी, घरचा पत्ता, वडिलांचं उत्पन्न आणि आधार, सगळं अपलोड करायला सांगितलंय. चित्र काढायला उत्पन्न कशाला लागतं? मी भरलं नाही, तर मुलगी दोन दिवस रुसून बसलीय.

वकील_सिव्हिललाईन्स

तुम्ही थांबलात ते योग्य केलं. नव्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागेल, आणि मुलांना उद्देशून जाहिराती करायला मनाई आहे. आयोजकांना सरळ फोन करून विचारा, कोणत्या रकान्याशिवाय प्रवेश अडतो. बऱ्याचदा नाव, वयोगट आणि पालकांचा नंबर एवढंच लागतं, बाकीचे रकाने कुठून तरी उचललेल्या फॉर्ममधून आलेले असतात. ओळख पटवायलाच आधार हवं असेल तर झाकलेलं आधार डाउनलोड करून द्या, त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात.

अंबाझरी_सकाळ

सगळं दोनदा वाचलं. सिस्टरच्या त्या बाईबद्दल वाचून मी माझं वाक्य मागे घेतो. चाळीस वर्षं मी स्वतः एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याला सांगितली नाही, मग माझ्या बाबतीत असं का बोललो कोण जाणे. आता हे सांगा, माझ्यासारख्याने आज रात्री फोनमध्ये काय करायचं? एक-दोनच गोष्टी सांगा, फार नको.

कोडर_धरमपेठ

काका, आज रात्री दोनच करू. क्रोमच्या सेटिंगमध्ये खासगीपणाच्या भागात तिऱ्हाईत कुकी बंद करायची सोय आहे, ती बंद करा. दुसरं, फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, तिथे जाहिराती, आणि ‘जाहिरात ओळख क्रमांक हटवा’. तुमच्या ॲपांमध्ये तुम्हाला एकाच माणसाच्या रूपात जोडणारा धागा तो क्रमांकच असतो. आयफोनमध्ये २०२१ पासून प्रत्येक ॲपला माग काढण्याआधी विचारावं लागतं, तिथे ‘नको’ म्हणायचं.

उद्या दिवसा वेळ मिळाला की ॲपांच्या परवानग्या बघा. विजेरीच्या ॲपला तुमचं ठिकाण कशाला हवं? काढून टाका.

वर्षाताई, फोनबद्दल. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यायला हवेत. तुम्हाला साध्या दहा आकडी मोबाईलवरून येत असतील तर ते नोंदणी न केलेले विक्रेते आहेत. १९०९ वर आईच्या नंबरासाठी ‘त्रास नको’ नोंदवा आणि प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर देऊन तक्रार करा. तुमची वही इथे कामाला येईल. आणि कोणी ओटीपी मागितला किंवा ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून पैसे मागितले तर ती फसवणूक आहे. पैसे गेले तर त्याच क्षणी १९३०. तिथे जितक्या लवकर फोन जातो तितकी पैसे मध्येच अडवण्याची शक्यता जास्त.

वर्षा_त्रिमूर्तीनगर

वकीलताई, कोडरदादा, आज दुपारी पत्र पाठवलं. तक्रार अधिकाऱ्याचं नाव पानाच्या अगदी तळाशी, राखाडी पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरात होतं. वीस मिनिटं शोधलं. पत्र इथे देते, कोणाला लागलं तर वापरा:

‘महोदय, अमुक तारखेला मी आपल्या संकेतस्थळावर माझ्या आईच्या वतीने फॉर्म भरला. त्यात तिचं नाव, मोबाईल आणि गुडघ्याच्या दुखण्याची माहिती होती. नावाच्या स्पेलिंगमध्ये माझ्याकडून एक विशिष्ट चूक झाली, जी दुसऱ्या कोणत्याही नोंदीत नाही. त्यानंतर तीन दिवसांत आलेल्या २३ फोनपैकी २१ फोनवर याच चुकीच्या नावाने विचारणा झाली. यादी सोबत जोडली आहे. कृपया कळवा: (१) ही माहिती आपण कोणाकोणाला दिली, (२) कोणत्या परवानगीने दिली, (३) आमची नोंद आपल्याकडून आणि ज्यांना दिली त्यांच्याकडून कधी पुसली जाईल. यापुढे ही माहिती वापरण्यास आमची संमती नाही.’

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, खाली माझी सही असू दे, गुडघा माझा आहे. म्हणून सही तिची आहे.

इतवारी_पेठ

सिस्टर, तुमच्या त्या प्रश्नाने दोन रात्री झोप लागली नाही. काल पोराला बसवलं आणि आपल्या संकेतस्थळाची तपासणी करवली. कोपऱ्यात ते चॅटचं खोकं आहे, फुकटात मिळालं होतं. पोराने सांगितलं की त्याच्यात कोणी काही लिहिलं की ते सगळं दुसऱ्याच कंपनीकडे साठून राहते. गिऱ्हाईक बाया त्याच्यात माप लिहितात, पत्ता लिहितात, ‘लग्न अमुक तारखेला आहे, घरी कोणी नसते, सकाळीच पाठवा’ असंही एकीने लिहिलेलं दिसलं. माझ्या अंगावर काटा आला. बापाची वही तिजोरीत राहायची आणि माझी वही मी रस्त्यावर ठेवून राहिलो.

खोकं काढून टाकलं. दुकानातही आता बिल करताना नंबर सक्तीने मागत नाही, ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच तशी सूचना केली होती असं व्यापारी मित्राने सांगितलं. द्यायचा असेल तर द्या म्हणतो. बहुतेक बाया देतातच.

आता एक मदत पायजे. संकेतस्थळावर मराठीत सूचना लावायची आहे. पोराने इंग्रजी धोरण कुठून तरी उतरवून घेतलेलं होतं, त्यात कॅलिफोर्नियाचा कायदा लिहिला आहे. आमच्या गिऱ्हाईकाले ते काय कामाचं?

कोडर_धरमपेठ

भाऊ, हा मसुदा बघा:

‘आम्ही तुमचं नाव, पत्ता व मोबाईल क्रमांक ऑर्डर पोहोचवण्याच्या प्रयोजनार्थ संकलित करतो. सदर माहिती कुरिअर सेवा वगळता कोणत्याही तृतीय पक्षास हस्तांतरित केली जाणार नाही. माहिती हटवण्यासाठी संपर्क साधावा.’

वकील_सिव्हिललाईन्स

चांगला आहे. किती दिवस ठेवणार तेही टाका, आणि नवीन मालाच्या मेसेजसाठी वेगळा, रिकामा चौकोन ठेवा. ज्यांना हवं ते टिक करतील.

वर्षा_त्रिमूर्तीनगर (अकरा दिवसांनी)

मंडळी, उत्तर आलं. माहिती ‘सहयोगी सेवा पुरवठादारांना’ दिल्याचं मान्य केलंय, सात नावं दिलीत. त्यातल्या तीन कंपन्यांचे फोन मुळात आलेच नव्हते, आणि ज्यांचे आले त्यातले बरेच या सातांत नाहीत. म्हणजे कोडरदादा म्हणाले तसं, पुढच्यांनी आणखी पुढे दिलंय. यांनी आमची नोंद पुसली असं लिहिलंय. सातही जणांना आता वेगवेगळी पत्रं पाठवतेय. काल फक्त एक फोन आला, तोही ‘सुमान मॅडम’.

ऑपरेशन कुठे करायचं ते ओळखीच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून ठरवलं. पुढच्या महिन्यात आहे.

इतवारीच्या भाऊंसाठी कोडरदादांनी लिहिलेला मसुदा आईला वाचून दाखवला. तिला ‘प्रयोजनार्थ’ आणि ‘तृतीय पक्ष’ कळलं नाही. मी समजावून सांगितल्यावर तिने तिच्या शब्दांत सांगितलं, ते लिहून घेतलं. तसंच देते:

‘तुमचं नाव, पत्ता, मोबाईल साडी घरपोच पाठवायला घेतो. कुरिअरवाल्याला पत्ता आणि नंबर द्यावाच लागतो, त्याच्याशिवाय कोणालाच देणार नाही. बदलून घ्यायची मुदत संपली की आमच्याकडून पुसून टाकू, बिलापुरतं कायद्याने ठेवावं लागतं तेवढं ठेवू. नवा माल आला की कळवू का? हवं असेल तर इथे टिक करा. नंतर नको वाटलं तर ‘नको’ एवढंच लिहून पाठवा.’

इतवारी_पेठ

वर्षाताई, आईचा मजकूर आज सकाळीच लावला, एक शब्द बदलला नाही. आणि ऑपरेशन झालं की कळवा. सूचना लिहून दिल्याबद्दल माझ्याकडून आईले एक साडी आहे. पत्ता इथे लिहू नका, मी दुकानातच आहे, या.